रेल्वेने जाणाऱ्या मालाचे सील: निवडावे कसे, लावावे कसे आणि तुटलेले आले तर काय करावे

दोन फुटी बोल्ट कटर हाती असला की कुठलेही बोल्ट सील, म्हणजे पोलादी पिन आणि तिच्यावर दाबून बसवायचे बॅरल यांचे सील, मिनिटभरात तुटते. सील बनवणाऱ्यालाही हे ठाऊक असते. दार वाटेत उघडले गेले का, हे माल पोचल्यावर ठामपणे सांगता यावे, एवढ्यासाठीच सील असते. ते सांगायचे तर सीलवरचा नंबर, कागदावरचा नंबर आणि तो कोणी, कुठे, किती वाजता पाहिला याची नोंद, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. नोंदच नसेल तर भारीतले बोल्ट सील आणि सुतळीची गाठ यांत दाव्याच्या वेळी काही फरक उरत नाही.

इथे दोन प्रकारच्या मालाचा विचार केला आहे. एक, कारखान्यात किंवा आयसीडीत (बंदरापासून आत, जमिनीवरच्या कंटेनर डेपोत) भरून रेल्वेने न्हावा शेवाला जाणारा कंटेनर. दोन, मालधक्क्यावर किंवा खासगी साइडिंगवर (कारखान्याच्या स्वतःच्या रुळांवर) भरली जाणारी बंदिस्त वॅगन, म्हणजे बीसीएन जातीची. दोन्हींची दारे वेगळी, सील वेगळे आणि भानगड झाली तर दाद मागायची जागाही वेगळी.

सील घेताना काय पाहायचे

मालवाहतुकीच्या यांत्रिक सीलसाठी आयएसओ १७७१२ हे मानक आहे आणि त्यात तीन वर्ग आहेत: आय, एस आणि एच. एच म्हणजे हाय सिक्युरिटी. ओढून तोडण्याच्या चाचणीत एच वर्गाच्या सीलने किमान १० किलोन्यूटन ताण सोसला पाहिजे, म्हणजे साधारण एक टन वजन टांगल्याइतका. एस वर्गाला २.२७ किलोन्यूटन पुरतात आणि त्याखालचे सगळे आय. कापणे, वाकवणे आणि घाव घालणे यांच्या चाचण्या वेगळ्या असतात, आणि त्यांत जो सर्वांत खालचा निकाल येईल तोच त्या सीलचा वर्ग. विक्रेता फक्त ओढण्याच्या चाचणीचा आकडा दाखवून 'एच आहे' म्हणत असेल तर त्यावर जाऊ नका. २०१३ च्या आवृत्तीनुसारचे प्रमाणपत्र मागा, त्यावर तुम्ही घेत असलेल्या मॉडेलचेच नाव आहे ना ते पाहा, आणि त्यात छेडछाड उघड होण्याची चाचणी व उत्पादकाच्या कारभाराची तपासणी धरलेली आहे का ते विचारा. एच हे अक्षर पिनवर आणि बॅरलवर, दोन्हीकडे हवे. नंबरही दोन्हीकडे तोच हवा.

बोल्ट सीलची पिन साधारण ८ मिमी जाडीची असते आणि डोके व बॅरल १८ मिमीच्या आसपास. हातात घेऊन दोन गोष्टी तपासा. पहिली, पिन बॅरलमध्ये बसल्यावर गरगर फिरते का. साधी गोल पिन ड्रिलला जोडून वेगाने फिरवली की घर्षणाने आतली कडी तापते आणि सैल पडते. म्हणून चांगल्या सीलची पिन षटकोनी असते किंवा तिला पाकळ्या असतात, ती फिरत नाही. दुसरी गोष्ट नंबरची छपाई. कापसावर थिनर घेऊन नंबरावर दहा-बारा वेळा घासा. शाईने छापलेला नंबर पुसट होतो, लेझरने कोरलेला हलत नाही. शाईचा नंबर पुसून दुसरा उठवणे हे काम सील तोडण्यापेक्षा सोपे असते, आणि बाहेरून कळतही नाही.

केबल सील वॅगनसाठी जास्त सोयीचे, कारण वॅगनच्या कडी-कोयंड्याची भोके एकसारखी नसतात आणि बोल्टची पिन बऱ्याचदा त्यात जातच नाही. १.५ मिमीपासून ५ मिमीपर्यंत केबल मिळते. केबल कापल्यावर तिचे तंतू लगेच पिसारल्यासारखे सुटले पाहिजेत, म्हणजे तेच टोक पुन्हा लॉकच्या भोकात जाणार नाही. नमुना कापून पाहा. टोक घट्टच राहत असेल तर त्या केबलला आधीच पीळ धरवलेला आहे, ते सील घेऊ नका. जाडीवरून वर्ग ठरवू नका, तो प्रमाणपत्रावरूनच पाहा.

प्लॅस्टिकचे ओढून बसवायचे सील पार्सलच्या पिशव्यांना आणि क्रेटना ठीक. नमुन्याचे एक सील बसवून उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवा आणि मग ओढून पाहा. हलक्या प्लॅस्टिकचे लॉक मऊ पडून निसटते. आत धातूचा किंवा कडक अॅसिटलचा तुकडा असलेले टिकते. शिशाचे जुने सील अजून काही ठिकाणी दिसते, तार पिळून त्यावर शिसे दाबलेले. त्याचा ठसा उथळ असेल तर शिसे चाकूने उकलून, तार काढून पुन्हा दाबता येते, म्हणून त्यावर भरवसा ठेवायचा तर पक्कडीचा साचा खोल आणि ताजा हवा.

सील गोदामात आल्यापासूनच जपायचे

चोरीचा मार्ग बहुतेक वेळा सीलच्या खोक्यातूनच जातो. उघडे पडलेले खोके, कोणीही उचलावे अशी सील आणि महिन्याअखेरीला एकदम भरलेले रजिस्टर असेल तर वाटेत पोलादी भिंत उभारली तरी उपयोग नाही.

खोके आले की त्यातले नंबर पावतीशी मोजून घ्या आणि सुरुवातीचा व शेवटचा नंबर रजिस्टरात चढवा. कपाटाला कुलूप, किल्ली एकाकडे, आणि रजिस्टर दुसऱ्याकडे. सील देताना तारीख, वेळ, सील नंबर, कंटेनर किंवा वॅगन नंबर, घेणाऱ्याची सही. लागतात तेवढीच सील द्या, 'असू द्या एखादे जास्तीचे' म्हणून खिशात दिलेले सीलच पुढे घात करते. चुकून बसलेले, वाकलेले, नंबर न जुळणारे सील फेकू नका. ते तोडून तुकडे परत घ्या आणि रजिस्टरात 'रद्द' लिहा. एखाद्या नंबराचा हिशेब लागत नसेल तर तो नंबर त्याच दिवशी लेखी कळवा, कारण हरवलेले सील कुठेतरी बसलेले निघाले तर तारखेचाच पुरावा लागतो.

नवा लॉट आला की त्यातली दोन-तीन सील नासवायची तयारी ठेवा. एक बसवून हाताने ओढा, पिळा. दुसरे कापून आतली कडी पाहा. लॉटमध्ये एकाच नंबराची दोन सील निघाली तर पूर्ण खोके परत.

एक गोष्ट फार सैलपणे घेतली जाते. सीलचा जवळून काढलेला फोटो गाडी निघण्याआधीच पंचवीस जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतो. ज्याला त्याच नंबराचे बनावट सील करायचे आहे त्याला मोठा वेळ आणि स्वच्छ फोटो, दोन्ही आयते मिळतात. फोटो काढा, पण पाठवायचा तो फक्त माल घेणाऱ्याला आणि ज्याच्या हाती कागद आहेत त्याला.

कंटेनर: सील लावण्याआधीची तपासणी

रिकामा कंटेनर आला की सात जागा पाहायच्या: खालचा सांगाडा, पुढची भिंत, डावी बाजू, उजवी बाजू, तळ, छत आणि दारे. खालची बाजू ट्रेलरवर असताना वाकूनच दिसते, म्हणून ती आधी उरका. मग आत टेप लावा. २० फुटी कंटेनरची आतली लांबी साधारण ५.९० मीटर, ४० फुटीची १२.०३ मीटर, रुंदी दोन्हींची २.३५ मीटर. साध्या कंटेनरची आतली उंची २.३९ मीटर. लांबीत दहा-पंधरा सेंटीमीटर कमी भरले तर पुढे खोटी भिंत आहे असे समजून हातोडी वाजवून पाहा. शेवटी एकाने आत थांबून दारे बंद करून घ्यावीत आणि दुसऱ्याने बाहेर उभे राहावे. उजेडाचा ठिपका जिथे दिसेल तिथे पाणी जाते, आणि पाणी जाते तिथून सळईही जाते.

दाराच्या सामानाकडे मात्र सगळ्यांत जास्त वेळ द्या. कंटेनरच्या प्रत्येक दाराला दोन उभे दांडे असतात, वर-खाली कॅम (चौकटीत अडकणारे आकडे) असतात आणि हँडल एका बिजागरीवर रिव्हेटने बसवलेले असते. सराईत माणूस सीलला हातच लावत नाही. तो रिव्हेट ड्रिलने काढतो, हँडल सीलसकट बाजूला होते, दांडा पान्याने फिरतो, दार उघडते. काम झाले की रिव्हेटच्या जागी बोल्ट घालून त्यावर रंग मारला जातो. पोचल्यावर सील शाबूत, नंबर बरोबर, आणि आतला माल कमी. म्हणून प्रत्येक रिव्हेटचे डोके अंगठ्याने चाचपून पाहा. जुन्या कंटेनरवर एखादेच डोके नवे, चकचकीत किंवा वेगळ्या रंगाचे असेल, किंवा रिव्हेटऐवजी नट दिसत असेल, तर तो कंटेनर भरू नका, बदलून मागा. बिजागऱ्यांच्या पिना वरून-खालून वेल्ड केलेल्या आहेत ना, तेही पाहा.

सील लावणे

दारे बंद करताना डावे आधी, उजवे नंतर, कारण उजव्या दाराची पट्टी डाव्यावर येते आणि उजवे उघडल्याशिवाय डावे हलत नाही. म्हणूनच सील नेहमी उजव्या दाराला. डाव्या दाराला लावलेले सील नुसती शोभा.

जागा निवडताना हँडलच्या कोयंड्यापेक्षा उजव्या दाराच्या आतल्या दांड्याच्या खालच्या कॅमला भोक असेल तर ते बरे. तिथे लावलेले सील दांडा फिरण्यालाच अडवते, मग हँडलचा रिव्हेट काढून फायदा होत नाही. सगळ्या कंटेनरना हे भोक नसते. नसेल तर हँडलला लावा, पण त्या दिवशी रिव्हेट दुप्पट काळजीने पाहा.

पिन वरून खाली घाला, डोके वर आणि बॅरल खाली राहील अशी. बॅरल पिनवर दाबा, 'टक' आवाज येईपर्यंत. आवाज आला म्हणून समाधान मानू नका. आता चार गोष्टी, याच क्रमाने. बघा: प्लॅस्टिकच्या आवरणावर चीर, डिंक, जळाल्याचा डाग नाही ना. जुळवा: पिनवरचा नंबर, बॅरलवरचा नंबर आणि हातातला कागद, अंक मोठ्याने वाचून. ओढा: बॅरल जोरात खाली. पिळा: पिन आणि बॅरल उलट दिशांना. अमेरिकी कस्टमच्या सी-टीपॅट या मालसुरक्षा कार्यक्रमात हाच क्रम शिकवतात, आणि पिळण्याला कारण आहे. काही सीलच्या पिनला आधीच आटे पाडून ठेवलेले असतात, ती ओढून निघत नाही, पण पिळली की स्क्रूसारखी सुटते.

थंडीत पहाटे सील लावताना किंवा हातमोजे घालून घाई करताना बॅरल अर्धेच बसण्याचा प्रकार वरचेवर होतो. ओढण्याची पायरी वगळली की ते तसेच गाडीवर चढते आणि पहिल्या धक्क्याला पडते. मग 'सील नव्हतेच' असा शेरा येतो आणि तो खराही असतो.

फोटो तीन घ्या: दोन्ही दारे व कंटेनर नंबर दिसेल असा एक, उजव्या दाराचे हँडल व कॅम दिसतील असा एक, आणि नंबर वाचता येईल असा सीलचा एक. कंटेनर नंबर कागदावर उतरवताना चार अक्षरे, सहा अंक आणि चौकटीतला तपासणी अंक असा पूर्ण घ्या.

निर्यातदार स्वतः सील करत असेल तर कस्टमचे ई-सील लागते. १ जुलै २०१७ च्या सीमाशुल्क परिपत्रक २६/२०१७ ने ही पद्धत आणली, त्याआधी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सील होत असे. हे सील म्हणजे आत आरएफआयडी चिप (रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी) असलेला एकदाच वापरायचा बोल्ट. बसवण्याआधी हातातल्या रीडरने एकदा वाचून पाहा, बसवल्यावर पुन्हा. बसवल्यानंतर न वाचणारे ई-सील कापूनच काढावे लागते, आणि तो खर्च व उशीर तुमचा. सील नंबर, सील केल्याची तारीख-वेळ, आयईसी (आयात-निर्यात कोड), शिपिंग बिलाचा (निर्यातीसाठी कस्टमला द्यायच्या कागदाचा) नंबर व तारीख, कंटेनर नंबर, ट्रेलर नंबर आणि बंदर ही माहिती पोर्टलवर चढवताना शिपिंग बिलावरून नव्हे, सीलकडे बघून भरा. एक अंक चुकला तरी बंदरावर किंवा आयसीडीत वाचताना नोंद जुळत नाही आणि कंटेनर तपासणीला बाजूला काढला जातो.

शिपिंग लाइनचे सील बहुधा वेगळे असते. दोन्ही सील उजव्या दारालाच, आणि दोन्ही नंबर कागदावर. कस्टमने तपासणीसाठी सील कापले तर नवे सील कोणते लागले, कोणाच्या सहीने, ते त्याच वेळी लिहून घ्या. जुना नंबर बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या माल पावतीवर) आणि नवा दारावर, हा घोळ परदेशातल्या बंदरावर निस्तरणे फार महाग पडते.

गाडीवर दोन २० फुटी कंटेनर एका वॅगनवर बसतात. त्यांची दारे समोरासमोर ठेवायला सांगा. मधली फट इतकी लहान असते की सील तोडले तरी दार उघडायला जागा राहत नाही. सांगितल्याशिवाय क्रेनवाला ते करेलच असे नाही.

बंदिस्त वॅगन: दारांची बाब

बीसीएन रेक, म्हणजे एका गाडीची वॅगनची पूर्ण रांग, ४२ वॅगनचा आणि बीसीएनएचएल या दुसऱ्या बंदिस्त प्रकाराचा ५८ वॅगनचा धरतात. सीलचा हिशेब वॅगनवर करू नका, दारांवर करा. ४२ वॅगन आणि वॅगनला चार दारे असतील तर १६८ सील, त्यावर दहा टक्के जास्तीची, म्हणजे १८५. ऐनवेळी सील संपली की शेवटच्या दोन-तीन वॅगनना तार पिळून काम भागवले जाते, आणि चोराला नेमकी तीच वॅगन दिसते.

मालधक्क्यावर वॅगन एका बाजूने भरली जाते. पलीकडच्या, रुळांच्या बाजूच्या दारांकडे कोणी फिरकत नाही. ती बाजू भरणी सुरू करण्याआधी बंद करून सील करा. एकदा पोती लागली की आतून दार नीट बसले की नाही दिसत नाही, आणि बाहेरून ओळीत चालत जाऊन तपासायला ना मुकादमाला वेळ असतो ना क्लार्कला. कडी कोयंड्यात पूर्ण बसली आहे, कॉटर (कडी अडवणारी खीळ) आत गेला आहे, दाराचे वरचे-खालचे फ्लॅप वाकलेले नाहीत, हे पाहून मगच सील. वाकलेल्या फ्लॅपची वॅगन असेल तर भरणीआधीच लेखी कळवा. भरल्यावर केलेली तक्रार कोणी ऐकत नाही.

केबल सील कडीतून आणि कोयंड्यातून दोन्हींमधून ओवा आणि टोक लॉकमधून पूर्ण खेचा. कडी हलवून पाहा, ती जराही उचलली जाता कामा नये. ढिली केबल हा वॅगनवरचा सगळ्यांत सामान्य दोष: सील शाबूत राहते आणि दार हातभर उघडते. कायम त्रास होणाऱ्या मार्गावर सीलबरोबर नट-बोल्टही लावतात आणि नट घट्ट केल्यावर बोल्टचे आटे हातोडीने ठोकून चपटे करतात. त्याने नट निघायला वेळ लागतो, पण बोल्टला नंबर नसतो, म्हणून तो सीलऐवजी नाही, सीलसोबत.

सिमेंट, खत, धान्य, साखर यांच्या चोरीत दार उघडावेच लागते असे नाही. दाराच्या फटीतून पोकळ सळई पोत्यात खुपसली की माल आपोआप बाहेर वाहतो. आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) भाषेत याला ब्लीडिंग म्हणतात. सील यात काहीच करू शकत नाही. पोत्यांची थप्पी दारापासून थोडी आत घ्या, दाराशी जुनी गोणपाटे किंवा जाड पुठ्ठा घाला आणि फटी बुजवा. पावसाळ्यात याचा दुहेरी उपयोग, पाणीही अडते. वॅगनच्या पत्र्यावर जुने कापून वेल्ड केलेले ठिगळ दिसले तर त्याचा फोटो भरणीआधीच घ्या, नाहीतर ते ठिगळ तुमच्या प्रवासात पडले की आधीचे, हा वाद सुटत नाही.

सील नंबराइतकाच वॅगन नंबर चुकतो, आणि वॅगन नंबर चुकला की सीलची सगळी नोंद दुसऱ्याच वॅगनची ठरते. भारतीय रेल्वेच्या वॅगनचा नंबर ११ अंकी असतो: पहिले दोन अंक वॅगनचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पुढचे दोन बांधणीचे वर्ष, मग चार अंकी क्रमांक आणि शेवटी तपासणी अंक. तो अंक पडताळायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. समजा नंबर ३१०११४२३७५५ असा लिहिला आहे. सम स्थानांचे पहिले पाच अंक, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा: १+१+४+३+५ = १४. त्याची तिप्पट ४२. विषम स्थानांचे पहिले पाच अंक: ३+०+१+२+७ = १३. बेरीज ५५. पुढचा दहाच्या पटीतला आकडा ६०, त्यातून ५५ वजा केले की ५. शेवटचा अंक ५ आहे, म्हणजे नंबर बरोबर उतरला. ४२ नंबर रंग उडालेल्या पत्र्यावरून उतरवताना एखादा ३ चा ८ होतोच. तो इथे पकडला जातो.

कागदावर काय असले पाहिजे

पूर्ण वॅगन किंवा पूर्ण रेकच्या भरणीत रेल्वे कर्मचाऱ्याने वजन व नग तपासले नसतील तर रेल्वे पावतीवर, म्हणजे आरआरवर, तसा शेरा येतो. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ६५ नुसार अशा वेळी किती माल दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्यावर किंवा घेणाऱ्यावर येते. सील शाबूत आणि माल कमी, अशी तक्रार या पावतीवर जवळजवळ टिकत नाही. म्हणून शक्य असेल तिथे रेल्वेच्या देखरेखीत भरणी करून बिनशेऱ्याची पावती घ्या. ते जमत नसेल तर भरणीची टॅली शीट (नग मोजल्याचा तक्ता), वजनकाट्याची पावती आणि सील नंबरांची यादी, तिन्हींवर हजर क्लार्कची सही मागा. दारनिहाय यादी करा: वॅगन नंबर, बाजू, दार, सील नंबर.

खासगी साइडिंगवर आणखी एक खाच आहे. कलम ९४ नुसार रेल्वेच्या मालकीच्या नसलेल्या साइडिंगवरून माल पाठवताना, वॅगन ठरलेल्या अदलाबदलीच्या जागी उभी राहून अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याला लेखी कळवेपर्यंत रेल्वे जबाबदार नसते. त्या जागी सील पुन्हा तपासून संयुक्त नोंद केली नसेल तर कारखान्याचे फाटक ते ती जागा, एवढ्या अंतरातले सगळे तुमच्या माथी. माल ओनर्स रिस्क दराने (जोखीम मालकाची, म्हणून कमी भाड्याने) बुक केला असेल तर कलम ९७ नुसार रेल्वेचा हलगर्जीपणा किंवा गैरवर्तन तुम्हाला दाखवून द्यावे लागते. चार पैसे वाचवताना हे लक्षात ठेवा.

माल पोचल्यावर

कटर हातात घेण्याआधी ओळीने चालत जाऊन सगळी सील वाचा, यादीवर खूण करा, फोटो घ्या. दोन्ही बाजूंनी. मगच कापायला सुरुवात. बोल्ट सील कापताना पिनचा मधला उघडा भाग कापा, डोके आणि बॅरल शाबूत राहतील असे. नंबरावरच कटर चालवला तर पुरावा तुम्हीच नासवला.

एखादे सील तुटलेले, नसलेले, वेगळ्या नंबराचे किंवा संशयास्पद दिसले तर त्या दाराला हात लावू नका, हमालांना दुसऱ्या वॅगनवर पाठवा. स्टेशनच्या गुड्स सुपरवायझरला आणि आरपीएफच्या चौकीला लेखी कळवा, वेळ घालून. माल बिघडलेला किंवा छेडछाड झालेला दिसत असेल आणि तुम्ही मागणी केली तर कलम ८१ नुसार रेल्वेला ओपन डिलिव्हरी द्यावी लागते, म्हणजे त्यांच्या समोर उघडून, मोजून, वजन करून. ही मागणी डिलिव्हरीच्या रजिस्टरात सही करण्याआधी करायची असते. 'माल ठीक मिळाला' अशी सही एकदा पडली की नंतर कितीही फोटो दाखवा, पहिला प्रश्न त्या सहीचाच येतो. वजन-मोजणी झाल्यावर त्या कागदाची प्रत आणि स्टेशनने पाठवलेल्या कमी-नुकसानीच्या संदेशाची प्रत मागून घ्या. कोरा कागद हातात देऊन 'नंतर भरू' म्हणाले तर सही करू नका.

आरआरवरचा वॅगन नंबर आणि आलेल्या वॅगनचा नंबर वेगळा असेल तर घाबरू नका, पण विचारा. वाटेत वॅगन बिघडून माल दुसऱ्या वॅगनमध्ये हलवला जातो, तेव्हा सीलही नवी लागतात. त्या हलवण्याची नोंद, ठिकाण आणि नव्या सीलचे नंबर मागा. तेवढे मिळाले नाही तर ओपन डिलिव्हरीच घ्या. एफओआयएसवर (रेल्वेच्या मालगाड्यांच्या माहिती प्रणालीवर) रेक कुठे किती तास उभा होता तेही पाहून ठेवा. सील तुटण्याचे प्रकार चालत्या गाडीपेक्षा आडबाजूला, अंधारात ताटकळलेल्या रेकवर जास्त होतात, आणि तपास करणाऱ्याला ती जागा सांगता आली तर त्याचे काम सोपे होते.

सगळी सील शाबूत आणि तरीही माल कमी निघाला, तर आधी रिव्हेट, कॅम, बिजागऱ्या, मग तळ, पत्र्यावरची ठिगळे आणि छत. तिथेही काही नसेल तर भरणीच्या टॅलीकडे वळा. अशी तूट बऱ्याचदा भरणीतच झालेली असते, आणि हे रेल्वेला पत्र लिहिण्याआधी स्वतःला कळलेले बरे.

मुदती दोन, त्या भिंतीवर लिहून ठेवा. भरपाईची लेखी नोटीस माल रेल्वेच्या ताब्यात दिल्याच्या तारखेपासून ६ महिन्यांत द्यावी लागते, कलम १०६. नोटीस ज्या रेल्वेकडे माल सोपवला तिला, किंवा ज्या रेल्वेवर उतरण्याचे स्टेशन आहे वा नुकसान झाले तिला देता येते. रेल्वे दावा न्यायाधिकरणात अर्ज करायला त्याच तारखेपासून ३ वर्षे. शिवाय मालाचा प्रवास संपल्यावर रेल्वेची राखणदार म्हणून जबाबदारी कलम ९९ नुसार ७ दिवसांचीच, तेव्हा धक्क्यावर माल पडू देऊ नका.

कापलेल्या सीलचे दोन्ही तुकडे पाकिटात घाला. पाकिटावर वॅगन किंवा कंटेनर नंबर, दार, तारीख आणि कापणाऱ्याची सही. तक्रार नसलेल्या मालाची पाकिटे ६ महिने ठेवा, दाव्यात गेलेल्या मालाची निकाल लागेपर्यंत. मुदत संपल्यावर तुकडे भंगारात अख्खे देऊ नका. नंबर असलेले बॅरल आणि पिनचे डोके ठोकून किंवा ग्राइंडरने नंबर घालवून द्या, कारण खरा नंबर असलेले जुने बॅरल हाच बनावट सीलचा कच्चा माल असतो.